सादियाची दुसरी डिस्क

बुधवारी दुपारी बारा वाजता महाडच्या बाजारपेठेत, इरशादच्या सायबर कॅफेत, सादियाचं लिनक्स सुरू होता होता थांबलं. काळ्या पडद्यावर सरसर वर जाणाऱ्या इंग्रजी ओळी एका जागी थबकल्या. एक डिस्क सापडत नाही, दुरुस्तीसाठी मुख्य पासवर्ड द्या, असं शेवटची ओळ सांगत होती.

एप्रिल २००९. सादियाचं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. गुरुवारी सकाळी प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि परीक्षक मुंबईहून येणार होते. औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराची पाळी बदलली की त्याने कुठली बस धरायची, हे सांगणारा प्रोग्राम तिने केला होता. तो दाखवता आला नाही तर वर्ष वाया जाणार होतं.

प्रोग्राम तिने सौदीत, दम्मामला केला होता. वहिनीच्या बाळंतपणासाठी आई महरुन्निसा तिकडे गेली, तेव्हा सादियाही सोबत होती. भाऊ अकिबच्या लॅपटॉपवर तिने काम संपवलं, त्याने ते डीव्हीडीवर भरून दिलं, आणि मार्चअखेर मायलेकी परत आल्या. त्यानंतर लेखी पेपर. डीव्हीडी आज पहिल्यांदाच बाहेर निघाली होती.

तिचे वडील मुख्तार टेंपो दारात लावून आत आले.

"काय बिघडलं?"

"अब्बा, या विंडोजच्या संगणकात एक दुसरा संगणक चालतो. आभासी. लिनक्स नावाची प्रणाली त्याच्यात आहे, माझा प्रोग्राम तिच्यावर. तो सुरू होत नाही."

"म्हणजे टेंपोत टेंपो?"

"तसंच समजा."

"मग आतल्याला धक्का मारायचा कसा?"

इरशाद हसला, पण त्याची बोटं थांबली नव्हती. त्याने सादियाला विचारून पासवर्ड दिला, आत शिरून सुरुवातीच्या सूचना उघडल्या आणि त्या न सापडणाऱ्या डिस्कची ओळ तात्पुरती बंद केली. मशीन पुन्हा चालू केलं. या वेळी ओळी थांबल्या नाहीत. निळा पडदा आला, नाव विचारलं गेलं. सादियाने टाळी वाजवली. मुख्तारनी समोरच्या हॉटेलात तीन कटिंग सांगितले.

चहा आला तेव्हा सादिया आपलं काम शोधत होती. तिच्या नावाचं फोल्डर रिकामं होतं.

अकिबला दम्मामला फोन लागला.

"दुसरी डिस्क जोडलीस का?" त्याने पहिल्याच वाक्यात विचारलं.

"दुसरी कुठली?"

"अगं, पहिली भरली होती. तू झोपलेलीस तेव्हा मी दुसरी जोडली, तुझं सगळं काम तिकडे हलवलं. तिची वेगळी डीव्हीडी केली."

"मला सांगितलंस?"

"अम्मीला सांगितलं. दूध पावडरच्या खोक्यात ठेवलीय म्हणून. माझ्याकडे आता काही नाही. लॅपटॉप कंपनीचा, परत घेतला त्यांनी."

सादियाने डोक्याला हात लावला. दम्माम विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं होतं. तेव्हा ते खोकं पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपण गावच्या जितेशच्या बॅगेत गेलं. तो अकिबच्याच कंपनीतला, त्याच विमानाने गावी निघालेला. महाडला आल्यावर तो खोकं द्यायला घरी आला, आणि महरुन्निसाने रीतीप्रमाणे हात जोडले होते. "एवढं ओझं वाहिलंस, आता आमच्याकडून आईला दे." दुसऱ्याच्या बॅगेतून आलेलं कुणी परत घेतं का? आतली डीव्हीडी तिच्या ध्यानातच राहिली नव्हती.

जितेशचा फोन संपर्क क्षेत्राबाहेर होता. कुडपणला रेंज कुठली!

"बस," मुख्तार म्हणाले. "बाहेरचा टेंपो तरी चालतोय."

पोलादपूर मागे टाकून टेंपो डोंगर चढायला लागला. टेंपोतल्या सीडीच्या डेकवर कव्वाली चालू होती. प्रत्येक वळणावर मुख्तार गात होते आणि सादिया मनात परीक्षकांना उत्तरं देत होती.

जितेशची आई चिमाबाई अंगणात गवताचे भारे रचत होती. सादियाने डीव्हीडीचं विचारताच तिने हात उंच केला.

"ती चकाकती व्हय? ती काय, आंब्यावर हाय!"

आंब्याच्या शेंड्याजवळ, कैऱ्यांच्या घोसात, दोरीला बांधलेली डीव्हीडी उन्हात गरगरत होती.

"आमच्या टीवीवर लागली नाय," जितेश ओशाळून म्हणाला. "आयेने बांधायला लावली."

"पर एक वांदर फिरकला नाय तवापासून! तुझ्या आयेला सांग गो, पावडरीपेक्षा हीच कामाला आली."

"मावशी, माझी परीक्षा आहे तिच्यात."

"परीक्षा ने की मग. पर माझ्या कैऱ्यांचं काय?"

मुख्तार टेंपोपाशी गेले, डेकचं बटण दाबलं आणि अजून गरम असलेली सीडी घेऊन आले.

"हिच्यात काय हाय?"

"कव्वाली."

"मग वांदरं ऐकायला येतील रे!" चिमाबाई पदर तोंडाला लावून हसली. जितेश झाडावर चढला, एक सोडली, दुसरी बांधली. निघताना सादियाच्या मांडीवर कैऱ्यांची पिशवी आली. नको म्हणायची सोय नव्हती.

परतीला मुख्तारनी डेकशिवायच गायलं. सादिया डीव्हीडी ओढणीने पुसत होती. तिच्यावर फांदीचा एक लांब ओरखडा होता.

सात वाजता डीव्हीडी इरशादच्या ड्राइव्हमध्ये गेली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. बऱ्याच वेळाने फाईल पूर्ण उतरली. इरशादने बंद केलेली ओळ परत चालू केली, दुसरी डिस्क जोडली आणि मशीन सुरू केलं. ओळी वर जाऊ लागल्या. दुपारच्या जागी आल्या आणि न थांबता पुढे गेल्या.

"सापडली!" सादिया ओरडली. शेजारच्या दुकानातून दोघं डोकावले.

मग लिनक्सने कळवलं की दुसरी डिस्क बरेच दिवस तपासलेली नाही, आधी ती तपासली जाईल. खाली टक्के मोजले जाऊ लागले.

"आतला टेंपो कुठवर आला?" मुख्तारनी मीठ लावलेली कैरी पुढे करत विचारलं.

"कशेडी घाट चढतोय, अब्बा."

इरशादने शटर अर्धं खाली ओढलं, पण दिवे चालूच ठेवले. सव्वाआठला आकडा एकाहत्तर टक्क्यांवर होता, आणि चढतच होता.