रानदाण्यांचा वास

सासूबाईंच्या खानावळीत माणसं यायची ती रानदाण्यांच्या रश्श्यासाठी. मिरीहून जरासं मोठं हिरवं फळ, टेकडीमागच्या काटेरी झाडांवर वर्षातून एकदाच धरायचं. आतली काळी बी फेकून साल तेवढी ठेचायची आणि पातेलं उतरवता उतरवता घालायची. लिंबाच्या सालीसारखा वास रस्त्यापर्यंत जायचा, जिभेला मुंग्या यायच्या. आता ती झाडं राहिली नाहीत.

त्यांच्यातच एक सोंगाडं झाड असे. फळ हुबेहूब तसंच, पण बिनवासाचं. पोटात गेलं की माणूस उलट्यांनी आडवा. म्हणून एकेक फळ नखानं चिरून हुंगावं लागे. हे काम सासूबाई दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

माझ्या लग्नाच्या वर्षी त्या मोठ्या तापातून उठल्या. एकदा शेजारच्याच चुलीवर दूध करपून धूर झाला, तरी त्या पाठमोऱ्या बसून कांदा चिरत होत्या. मी नवी सून, बोलायची सोय नव्हती. मग पाहिलं, तर त्या फळ हुंगायच्या ऐवजी जिभेवर ठेवत होत्या. झिणझिणलं की टोपलीत. पण दोन-चार फळांत जीभ बधिर होऊन झिणझिणतच राहते, आणि तशी जीभ पुढच्या प्रत्येक फळाला होच म्हणते. एवढ्या जाणत्या बाईला हे कळत नव्हतं असं नाही. चूल हातची गेली तर घरात आपलं काय उरलं, ही धास्ती होती.

दुपारी कारखान्यातली माणसं जेवायला बसली. मी झाकण काढलं. वास अगदीच पातळ. टोपलीतली उरलेली फळं चिरून हुंगली आणि सासूबाईंच्या कानाशी गेले.

"आई, यात सोंगाडी आहेत. निम्म्यांना वासच नाही."

"मला शिकवतेस?" त्या म्हणाल्या, पण आवाज चढला नाही. पळी हातात तशीच राहिली. मग त्यांनी पदरानं पातेलं धरलं आणि सगळा रस्सा मोरीत ओतला.

मामंजी धावत आले. बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाई म्हणाल्या, "सूनबाईंनी मीठ ओतलं. समुद्र केला नुसता."

बाहेरून कुणीतरी म्हणालं, माहेरून मिठागरच आंदण आणलंय वाटतं. सगळे हसले. मी मान खाली घालून सुकी भाजी वाढली. मामंजी संध्याकाळपर्यंत धुसफुसत होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं. एक फळ चिरून माझ्या नाकाशी धरलं.

"आहे?"

"आहे."

दुसरं. "नाही." ते त्यांनी फेकलं.

बराच वेळ असं चाललं. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "वास कसा येतोय गं?"

मला सांगता येईना. "नेहमीसारखाच," मी म्हणाले.

त्यांनी पुढचं फळ घेतलं. नख खोल रुतलं आणि आतली बी फुटली.