चाळीस काचा

मी दातांची डॉक्टर आहे, पदवी भिंतीवर टांगलेली आहे, आणि तरी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी रोज दुपारी जुन्या कॉलेजच्या लॅबमध्ये स्टुलावर बसून मी मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघत होते. तोंडाच्या आजारांच्या चाळीस स्लाइड. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा हा चौथा प्रयत्न, आणि आईला शब्द दिला होता की हाच शेवटचा. नाहीतर ज्या सरांची नोकरी अभ्यासासाठी सोडली होती, त्यांच्याच दवाखान्यात जन्मभर लोकांच्या दातांचं कीटण खरवडायचं. मला ते नको होतं. मला हाच विषय पुढे शिकायचा होता, अगदी मनापासून.

आधी तिन्ही वेळा थोडक्यात हुकलं. दर वेळी चित्रांचेच प्रश्न चुकायचे. मी म्हणायचे, स्क्रीन वाईट होता, वेळ पुरला नाही, नशीबच फुटकं.

लॅब सांभाळायचे ते काका. गाठीचे तुकडे कापायचे, रंगवायचे, काचेवर बसवायचे, वरून दुसरी पातळ काच चिकटवायची, यात त्यांची तीस वर्षं गेली. मी विद्यार्थिनी असताना तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी इथेच रडत बसले होते. तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं, "अगं, वरच्या काचेचा कोपरा उडालाय ती लायकेन प्लेनस. मधोमध बुडबुडा दिसला की अमेलोब्लास्टोमा. पिवळा डाग म्हणजे लाळग्रंथीची गाठ. झालं! कशाला डोकं फोडून घेतेस?" बाकीच्या खुणाही त्यांनीच पाठ करून घेतल्या. त्या परीक्षेत मी वर्गात पहिली आले.

यंदाही चाळीसपैकी चाळीस येत होत्या. "डॉक्टरीणबाई, पार्टी कधी?" काका रोज चिडवायचे.

परीक्षेला सहा दिवस उरले असताना मी गेले, तर काका छाती फुगवून उभे. "महिनाअखेर रिटायर होतोय. म्हटलं, जाताना सगळं चकाचक करून द्यावं. वरच्या जुन्या काचा काढल्या, नव्या बसवल्या. एक बुडबुडा दिसला तर सांग!"

पहिली स्लाइड लावली. गुलाबी आणि जांभळं. दुसरी लावली. तेच. मला वाटलं, फोकस बिघडलाय. चाळीस संपल्या तेव्हा अकरा बरोबर होत्या, त्यातल्या पाच अंदाजपंचे.

"कप्पाळ माझं!" मी म्हणाले. "काका, मला आजार कधी ओळखताच आले नाहीत. मी तुमच्या काचा ओळखत होते."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "माझंच चुकलं गं पोरी. मला वाटलं, एवढी परीक्षा पार पडली की पुढे नीट शिकशील."

"हो, तुमचंच चुकलं!" मी ताडकन बोलले. खरंतर राग माझा माझ्यावरच होता. सात वर्षं त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले आणि एकदाही आत काय आहे ते पाहिलं नाही.

 दुसऱ्या दिवशी काका माझ्या आधी येऊन बसले होते. "हे बघ, हे पेशींचं बेट. याच्या कडेला पेशी कशा रांगेत उभ्या आहेत, दिसतात? मधे बघू नकोस, कडेला बघ." त्यांना सगळं येत होतं. त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. पाच दिवसांत मी एकोणिसांपर्यंत पोचले. एकोणिसावर सीट मिळत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

परीक्षेत चित्रं आली. मोठी, लखलखीत, एक डाग नाही. कडेला बघायचंय हे मला आठवत होतं, देवाशपथ आठवत होतं. पण डोळे आपोआप मधोमध जायचे. ओढून कडेला आणावेत, तर पुन्हा मधे. मी मूर्खासारखी बुडबुडा शोधत होते. वेळ संपत आला तसं हाताला येईल ते उत्तर ठोकलं.

बाहेर येऊन फोन चालू केला तोच काकांचा फोन आला. "ओळखता आल्या का गं?"

"सगळ्या, काका," मी म्हणाले.

पलीकडे ते मोठ्याने हसले. "सुटलो बाई! सहा दिवस मला घास गोड लागत नव्हता."

मी फोन ठेवला. घरी आई वाट बघत असणार, आणि तिच्याशी असं खोटं बोलून भागणार नव्हतं. म्हणून आधी सरांना फोन लावला आणि विचारलं, सोमवारपासून आले तर चालेल का.