कॉफीची खांदेमळणी

श्रावण संपत आला की आमच्याकडे दुपारचं ऊन हळदीच्या पाण्यासारखं पातळ होतं. ढग येतात, ऊन पुसतात आणि निघून जातात. ओट्यावरून तापी दिसते. गढूळ, रुंद पाणी. एकटक पाहत राहिलं तर वाटतं, पाणी जागच्या जागी आहे आणि काठावरच्या केळीच वाहत चालल्या आहेत. अशा वेळी माझा डोळा लागतो आणि लागतही नाही. किती पोळे डोळ्यांदेखत गेले, त्यातला कोणता कधीचा हे आता सांगता येत नाही. सगळ्यांचा मिळून एकच लांब पोळा झाला आहे.

यंदाचा मात्र वेगळा आठवत राहील. पोळ्याचा दिवस नव्हे, त्याचा आदला, खांदेमळणीचा. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे निबर होतात. त्या दिवशी त्यांना धुवायचं आणि तूप-हळदीनं खांदे मळायचे, अशी रीत. आता आमच्या गोठ्यात ट्रॅक्टर उभा असतो. तरी मी वाटीत तूप-हळद कालवते आणि ट्रॅक्टरला बोट लावून येते.

"आई, ट्रॅक्टरचा खांदा कोणता हो?" माझी सून हेमांगी दर वर्षी विचारते.

"तुझा नवरा दिवसभर जिथं टेकून मोबाइल बघतो तो," मी सांगते.

यंदा तिनं विचारलं नाही. मनगटाला पट्टी बांधून ती डाळ निवडत होती.

माझे मालक भाईदास, सगळं गाव त्यांना जिभाऊ म्हणतं, माघात आजारी पडले आणि उठले ते अर्धेच. अंग उठलं, आठवण अंथरुणातच राहिली. पोटच्या धर्मेंद्रकडे बोट दाखवून विचारायचे, "हाऊ कोन शे?" मला तर काहीच विचारत नसत. पण तेही चाललं असतं. त्यांना पाण्याचं भय बसलं, ते चालेना. नव्या बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर पाय ठेवायची वेळ आली की दाराची चौकट घट्ट धरून ओरडायचे. ओल्या फडक्यानं पुसूसुद्धा देत नसत. काखेत, जांघेत कातडी सोलायला लागली. नंदुरबारच्या डॉक्टरांनी बजावलं, रोज अंघोळ झाली नाही तर जखमा चिघळतील. आणि मागच्या आठवड्यात त्यांनी भिरकावलेला तांब्या हेमांगीच्या मनगटावर बसला.

त्या संध्याकाळी धर्मेंद्र मला गोठ्यात घेऊन गेला.

"आई, नाशिकला एक जागा बघितली आहे. म्हाताऱ्या माणसांना ठेवतात. नर्स असतात, धरून अंघोळ घालणारी माणसं असतात. पोळा झाला की निघायचं. गाडी सांगितली आहे."

"धरून?"

"मग काय करू? तू सांग ना. तू काय केलं असतंस?"

त्याचे डोळे रडून सुजले होते, त्याला काय बोलणार? मी ट्रॅक्टरच्या चाकातला वाळका चिखल नखानं काढत राहिले. लग्न झाल्यापासून हे मला सोडून कधी राहिले नव्हते. परक्या गावात, परक्या हातांत, ओरडणारे हे मला दिसायला लागले.

तर खांदेमळणीच्या दुपारी कॉफीनं घोटाळा केला. कॉफी म्हणजे आमच्या नातीचा, मयूरीचा कुत्रा. ती शिकायला सुरतला गेली आणि तो आमच्या गळ्यात पडला. लाखेसारखा तांबूस, थोराड, लोंबत्या कानांचा. बागेत ठिबकची नळी फुटली होती, तिथल्या चिखलात मनसोक्त लोळून, वर कसलासा मेलेला मासा अंगाला फासून तो दारात येऊन उभा राहिला. चेहरा असा, जणू बक्षीस घ्यायला आलाय.

"सणाच्या घरात हा वास नको," हेमांगी म्हणाली.

आम्ही त्याला ओट्याखालच्या धुण्याच्या दगडाशी नेऊन खांबाला बांधला. हेमांगीनं मयूरीनं पाठवलेली बाटली उघडली.

"घ्या. कुत्र्याचा शाम्पू माझ्या शाम्पूपेक्षा भारी."

"वास तर बघ. लावून टाक थोडा."

तिनं बादलीतून मग भरला आणि सरळ त्याच्या पाठीवर ओतला. कॉफी केकाटला, दोरीला हिसका दिला, हेमांगीचा पाय घसरला, बादली कलंडली. मी त्याच्या गळ्यातला पट्टा धरून ओढते आहे, तो मला ओढतो आहे, असं चाललं असताना मागून आवाज आला.

"अशी नही वं."

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. ओट्यावर खुर्चीत हे बसले होते. रोजच तिथं बसायचे, नदीकडे तोंड करून. आता तोंड आमच्याकडे होतं.

"पाठवर एकदम पानी वतू नको. तो भ्यास. पहिले पाय."

कित्येक दिवसांत एवढं सलग बोलले नव्हते. खांबाचा आधार घेत पायऱ्या उतरायला लागले. मी धावणार, तर हेमांगीनं माझा पदर धरला. ते आले, दगडाशी उकिडवे बसले आणि हात पुढे केला. हेमांगीनं मग भरून दिला.

"लाख्या," त्यांनी कुत्र्याला हाक मारली. "उभा ऱ्हाय बेटा."

लाख्या आमचा बैल होता. असाच तांबूस. त्याला जाऊनही फार वर्षं झाली.

त्यांनी पाण्याची बारीक धार कुत्र्याच्या पुढच्या पंजांवर धरली. मग मागच्या. मग हळूहळू पोट, छाती. पाठ अगदी शेवटी. आणि हे करताना ओठांचा चंबू करून ते शीळ घालायला लागले. गाण्याची नव्हे. बैल पाणी पिताना गडी घालतात ना, तशी खालच्या सुरातली, एकसारखी, पाण्यासारखीच शीळ. कॉफीचे कान खाली आले. शेपूट थांबलं. तो डोळे अर्धे मिटून उभा राहिला.

माझेही मिटले असावेत. मला घाट दिसला, बॅरेजचा बंधारा व्हायच्या आधीचा, नदी उन्हाळ्यात वाळूची आणि श्रावणात पाण्याची असायची तेव्हाचा. साऱ्या गावाचे बैल नदीत. नुसत्या पाठी वर, ओल्या, चकचकीत बेटांसारख्या. त्यांच्यामधून पुरुष कमरेएवढ्या पाण्यात हिंडताहेत, आणि सगळीकडून ती शीळ येते आहे, कुणाची कोणती ते कळत नाही. मी नवी नवरी, हातात पितळी ताट, घाटावर उभी. सासूबाई म्हणताहेत, बैलांकडे बघ, नवऱ्याकडे काय बघतेस. हे मान वर करून हसले आणि ओंजळभर पाणी माझ्याकडे उडवलं. ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, उन्हातच कुठेतरी राहून गेलं.

"आई," हेमांगीनं कोपर मारलं. "ते काय मागताहेत?"

ती कुत्र्याचा ब्रश पुढे करत होती. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि बाजूला टाकला. बोटांनी पिळायची खूण करत होते. मला कळलं. बागेच्या बांधावरून वाळलेलं केळीचं सोपट, खोडाची साल, आणून दिलं. त्यांनी त्याचा पीळ घालून बोळा केला आणि घासायला घेतलं, मानेखाली, काखांत, कानांच्या मुळाशी. गोचीड दिसली की दोन नखांत धरून, अलगद फिरवून काढत. बाथरूमच्या दाराची चौकट आवळणारे ते हात हेच, असं कुणाला सांगून पटलं नसतं.

मग त्यांचा हात कुत्र्याच्या खांद्यामागे गेला आणि थबकला. बैलाचा उंचवटा शोधत पुन्हा चाचपलं.

"वशिंड कथा गयं?"

हेमांगीनं तोंड उघडलं. मी डोळे वटारले.

"यंदा काम बहू व्हतं," मी म्हटलं. "झिजी गयं."

त्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. पंजा उचलून तळवा पाहिला. "नाल बी पडी गई," म्हणाले, आणि चुकचुकत पंजा खाली ठेवला. हेमांगी तोंडाला पदर लावून खांबाकडे वळली. हसत होती की काय करत होती, कुणास ठाऊक.

तेवढ्यात ती वळली आणि माझ्या कानाशी लागली. "आई, जिभाऊ भिजले."

खरंच. धोतर मांड्यांपर्यंत ओलं, सदऱ्याच्या बाह्या चिंब. त्यांच्या ध्यानातच नव्हतं. आत्ताच अंगावर एक मग ओतावा का? पण चुकून दचकले, उठले, ओरडले, तर पुन्हा इथंही बसायचे नाहीत. मी आत जाऊन तूप-हळदीची वाटी आणली आणि त्यांच्या हाताशी ठेवली.

त्यांनी दोन्ही तळहात भरून घेतले आणि कुत्र्याचे पुढचे खांदे मळायला लागले. अंगठ्यांनी दाबत, गोल गोल. कॉफी मान वळवून तूप चाटायला लागला.

"धुतला कशाला मग आपण?" हेमांगी पुटपुटली.

खांदे मळून झाल्यावर ते कुत्र्याच्या कानाशी वाकले. "आज आवतन ल्या, सकाय जेवाले या." बैलांना सणाचं आमंत्रण असंच देतात. कॉफीनं त्यांचं नाक चाटलं. ते समाधानानं मागे सरले, आणि इकडेतिकडे पाहायला लागले. दगडाच्या पलीकडे. खांबामागे. गोठ्याकडे.

"याना जोडीदार कथा शे?"

बैल कधी एकटा नसतो. आम्हाला हे सुचायला हवं होतं. त्यांचा चेहरा पाहता पाहता बदलला. ते धडपडत उठले, फाटकाकडे निघाले. "कथा गया? नदीम्हा गया का?" आवाज चढायला लागला, बाथरूमच्या दारात चढायचा तसा. हेमांगी घाबरून माझ्याकडे पाहायला लागली.

मी दगडावर, कुत्र्याशेजारी, जोडीदाराच्या जागी बसले.

"आठे शे," मी म्हटलं. "हाऊ काय. आठेच शे."

ते वळले. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. परत आले, खाली बसले, पाण्याचा मग भरला आणि माझ्या पायांवर धार धरली. पहिले पाय. मग हात. मग लुगड्यावरूनच पाठ. पाणी गार होतं. सोपटाच्या बोळ्यानं त्यांनी माझे दंड घासले, जोर बेताचा, कातडी म्हाताऱ्या जनावराची आहे हे ओळखून. मी हललेसुद्धा नाही. मग हळदीचा हात माझ्या खांद्यावर आला.

"खांदा दुखना का?"

"थोडासा."

"वझं बहू व्हतं," ते म्हणाले.

त्यांना बैल दिसत होता की मी, मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? मी खाली ठेवलेला मग उचलला.

"आते तुम्हना पाय."

धार धरली. त्यांचे तळपाय आखडले. डोळ्यांत ते जुनं भय डोकावलं. मी आयुष्यात कधी शीळ घातली नव्हती, बायकांनी घालायची नसतेच. तरी ओठ जुळवले. पुढचे दात नाहीत, नुसता वाराच आला. हेमांगी खुदकन हसली. पण मी थांबले नाही. फू, फू करत पायांवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून पोटावर. ते उभे राहिले. ऐकत उभे राहिले. हेमांगीनं हळूच त्यांचा सदरा काढला. हाताला जी बाटली लागली ती तिनं ओतली. काखेतल्या, जांघेतल्या जखमा आम्ही दोघींनी बोटांच्या टोकांनी धुतल्या. पाठ अगदी शेवटी.

धर्मेंद्र शेतातून आला तेव्हा आम्ही तिघं आणि कुत्रा असे ओलेचिंब, पिवळे होऊन बसलो होतो.

"हे काय चाललंय?"

"हळू बोला," हेमांगी म्हणाली. "अंघोळ चाललीय."

"कुणाची?"

"सगळ्यांची."

तो फाटकातच थबकला. मग चपला काढल्या, दोरीवरचा पंचा ओढला आणि वडिलांची पाठ टिपायला लागला. त्यांनी अंग चोरलं नाही. पंचाला नाक लावून धर्मेंद्र म्हणाला, "हा कसला वास?"

"कॉफीचा शाम्पू. संपला."

"म्हणजे आता रोज कुत्र्याला अंघोळ घालायची?"

"रोज घातली तर त्याचं कातडं जाईल," हेमांगी म्हणाली.

"मग एक दिवस तो, एक दिवस मी," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवशी तू बस."

धर्मेंद्र हसला, पण हसणं पुरतं झालं नाही. पंचा माझ्याकडे देऊन तो गोठ्याकडे गेला. ट्रॅक्टरला टेकून फोनवर बोलत होता. "नको, गाडी नको... नाही, पुढचाही दिवस नको सांगू. लागली तर मीच कळवतो." लागेलही कधी. मला ते माहीत आहे. पाण्याचं भय आज गेलं म्हणजे कायमचं गेलं असं नाही.

हे खुर्चीत कोरडे होऊन झोपी गेले. ऊन पाण्यावर लांब होत गेलं. मी दगडावरच बसून ओठ जुळवत राहिले. वारा निसटत होता, सूर लागत नव्हता. शेजारची सुंदरबाई फाटकाशी थांबली.

"काय वं मीनाबाई, या वयात शीळ? कोणाले बलावी ऱ्हायनी?"

"सकाळी अंघोळ घालायची आहे," मी म्हटलं, आणि पुन्हा ओठ ओले केले.