तो जादा सूर माझा नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. नखावर मावेन एवढीच, पण जिवाला घोर मात्र मोठा!

माझं काम ऐकायला सोपं. विद्युतदाब द्याल त्या प्रमाणात मी प्रवाह सोडायचा. दाब दुप्पट तर प्रवाहही दुप्पट, रतीभरही कमी-जास्त नाही. थोड्या दाबात कोणीही सरळ चालतं हो. दाब वाढला की पाऊल वाकडं पडतं. म्हणून माझा आराखडा काढणाऱ्या ताईने माझ्या पोटात ट्रान्झिस्टरच्या दोन जोड्या बसवल्या. एक वाहवत गेली की दुसरी तिला ओढून धरते. आवाज जसाच्या तसा पोचवायला आम्हाला कर्णयंत्रात बसायचं होतं.

चाचणीला मला डाख देऊन पट्टीवर बसवलं. माझी भावंडं ट्रेमध्ये वाट बघत होती. मापनाच्या पडद्यावर एका सुराची एक रेघ उमटते. मला एकच सूर दिला, तर पडद्यावर उंच रेघेशेजारी एक ठेंगणी रेघही उभी राहिली. जादा सूर!

"चिपच वाकडी आहे," साहेब म्हणाले. "बंद करा हे प्रकरण. नापास माल टेबलावर कशाला?"

"जरा थांबू या का, सर?" ताईने विचारलं.

"अजून किती थांबायचं?"

ताईने रागारागाने स्वतःच ट्रे भंगाराच्या डब्यात उपडा केला. मी पट्टीला चिकटलेली, म्हणून वाचले; आतल्या आत तडफडत होते. चिपला वाचा कुठली?

ताईला रात्रभर चैन पडलं नाही. सकाळी येरझारा घालून ती पुन्हा बसली आणि मला मिळणारा प्रवाह कमी-जास्त करून पाहू लागली. मी बदलत होते, पण ठेंगणी रेघ ढिम्म हलली नाही; दोष माझा असता तर तीही बदलली असती. मग तिने मला वगळून सूर देणाऱ्या यंत्राची तार थेट पडद्याला जोडली. रेघ तिथेही होती! यंत्र कोरं करकरीत आणि महागडं, म्हणून त्याची झडती कोणी घेतलीच नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

ताई डब्याकडे धावली. भंगारवाला डबा रिकामा करून गेला होता.

"मीच टाकलं गं त्यांना," ती मला म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

आराखडा तेवढा बचावला. नव्या चिपा घडल्या, कर्णयंत्रांत गेल्या. मी खणात पडून असते, पण मन थाऱ्यावर नाही. मित्रांनो, कुणाला नापास ठरवण्याआधी त्याला आपण काय दिलं होतं, तेवढं तपासा. ट्रेमधली माझी भावंडं एकदाही चालू झाली नाहीत. ती सरळ होती की वाकडी, हे आता कुणालाच कळणार नाही.