राणीचं मरण

पहिला हशा पिकला तेव्हा भाऊंना वाटलं, मागे कुणीतरी पाय घसरून पडलं असेल. दुसऱ्यांदा अख्खं सभागृह हसलं, तेव्हा त्यांनी शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहिलं. तीही हसत होती.

भाऊ म्हणजे एके काळचे मालिकांचे दिग्दर्शक. निर्मात्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणत. मुलगी दातांची डॉक्टर. तीच बातमी घेऊन आली होती, "बाबा, रविवारी दुपारी 'राखेची राणी'चा शेवटचा भाग मोठ्या पडद्यावर दाखवतायत. तिकिटं कधीच संपली. तुम्हाला पहिल्या रांगेत बोलावलंय." त्या मालिकेचं नाव कित्येक वर्षांत भाऊंसमोर कुणी काढलं नव्हतं. भाऊंनी ठेवणीतला कोट बाहेर काढला.

आत शिरताना मात्र त्यांना थोडं चमत्कारिक वाटलं होतं. निम्म्या लोकांच्या डोक्यावर पुठ्ठ्याचे मुकुट, पापण्या राणीसारख्या जांभळ्या रंगवलेल्या. त्यात चांगले मिशीवाले बाप्येही होते. कौतुकाने नटून आले असतील, असं भाऊंनी मनाशी म्हटलं.

आणि आता पडद्यावर राणी विष पिऊन जिना उतरत होती. पायरीपायरीला वीज कडाडत होती, आणि विजेगणिक लोक टाळ्या पिटत होते. हे दृश्य भाऊंनी स्वतः लिहिलं होतं, आई गेली त्या वर्षी. राणीने एक हात कपाळावर उलटा टेकवला, दुसरा छताकडे उंचावला. तिचे ओठ उघडायच्या आतच सगळे प्रेक्षक एका सुरात ओरडले, "दिवा मालवू नका! अंधारात मी कुणाला दिसणार?"

पुढचा हशा भाऊंना ऐकूच आला नाही. ते त्यांच्या आईचे शेवटचे शब्द होते. ती ते बोलली तेव्हा खोलीत एकटे भाऊ होते.

ते तडक उठून बाहेर आले. मुलगी मागोमाग धावली.

"माझी टर उडवायला मला कोट घालून आणलंस?"

"टर नाही हो, बाबा. ह्याला कॅम्प म्हणतात."

"कॅम्प? रक्तदानाचा?"

"तसला नाही! म्हणजे एखादी गोष्ट इतकी भडक, इतकी नटवी, की बघताना हसू आवरत नाही. पण करणाऱ्याने ती जीव तोडून केलेली असते, जराही हात न राखता. म्हणून तर लोक तिच्यावर जीव टाकतात. नुसती टिंगल करायची असती तर पाठ कशाला केलं असतं?"

"शेवटी हसायचंच ना?"

"हसायचंच. पण..."

तेवढ्यात रंगपटाचं दार उघडून बाई बाहेर आल्या. राणी त्यांनीच साकारली होती. अंगात तोच जांभळा झगा, फक्त बाजूंनी उसवून सैल केलेला. डोक्यावर केसांच्या टोपाचा मनोरा.

"अहो भाऊ, तुम्ही बाहेर? आता मला स्टेजवर तेच वाक्य म्हणायचंय!"

"बाई, तुम्हीसुद्धा? लोक ह्याला हसतात, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"शूटिंगच्या दिवसापासून! कॅमेरामन तोंडात रुमाल कोंबून उभा होता. तुम्ही मॉनिटरमागे रडत होता, म्हणून कुणी चकार शब्द काढला नाही."

भाऊ भिंतीला टेकले. आपण ज्याला शोक समजत होतो त्याला अख्खं युनिट हसत होतं, आणि हे आपल्याला आज कळावं!

"मग केलंत कशाला?"

"तुमच्याकडे बघून. म्हटलं, दबकत केलं तर दोघांचंही हसं होईल. करायचं तर ऊर फुटेस्तोवर. पण खरं सांगा भाऊ, असं कोण मरतं हो? कपाळाला हात लावून?"

"माझी आई."

बाईंचा चेहरा रंगाखालीही पांढरा पडलेला दिसला.

"असाच हात, हेच शब्द," भाऊ म्हणाले. "मी काना-मात्राही बदलली नाही. विजा तेवढ्या माझ्या."

बाई झग्यासकट मटकन खाली बसल्या. "अरे देवा! आणि मी इतकी वर्षं गावोगाव लोकांना हसवत... मरतानासुद्धा त्या अशा?"

"ती कायमच तशी. दूध उतू गेलं की खुर्चीत कोसळायची. 'संपलं! सगळं संपलं!' शेजारी धावत यायचे. आणि आम्ही भावंडं पलंगाखाली शिरून..."

"शिरून काय?" मुलीने विचारलं. आजीबद्दल ती हे पहिल्यांदाच ऐकत होती.

"हसायचो," भाऊ म्हणाले. आपल्याच तोंडून हे निघालं, यावर त्यांचा विश्वास बसेना. "पोट दुखेस्तोवर हसायचो. तिला ऐकू यायचं. ऐकू आलं की उठून पुन्हा कोसळायची, आधीपेक्षा जोरात."

आतून पाय आपटल्याचा आवाज येऊ लागला. "राणी! राणी!"

बाई जागच्या हलेनात. "आता माझ्याने नाही व्हायचं. तब्येत बिघडली म्हणून सांगा."

"उठा," भाऊ म्हणाले. आवाज सेटवरचा होता. "अर्धवट केलंत तर याद राखा. आणि हात आणखी वर. ती कोपर वाकवत नसे."

बाई गेल्या. भाऊ दारात उभे राहिले. हात वर गेला, वाक्य आलं आणि छप्पर उडेल असा हशा उसळला. भाऊंना हसू आलं नाही, रडूही नाही. कानशिलात बसल्यासारखे ते नुसते बघत राहिले. कुणीतरी ओळखून त्यांच्याही डोक्यावर मुकुट चढवला, तोही त्यांनी काढला नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, आईच्या मरणावर आज भरलं सभागृह हसलं."

ताईने हळूच विचारलं, "बाल्कनीसुद्धा भरली होती का रे?"