पाठीची कात

खवलेवाल्यांत थोरलीइतकी छपरं शाकारणारी दुसरी नव्हती, आणि हे सांगायला ती दुसऱ्या कुणाची वाट बघत नसे. सकाळी दारातल्या उबेच्या दगडावर पोट टेकून पडायचं, थंडीने गारठलेलं रक्त खेळतं झालं की छपरावर चढायचं, शेपटीचा वेढा आढ्याला घालायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून कौलं बसवत सुटायचं. "हात काय, सगळ्यांनाच असतात," ती म्हणायची. "छप्पर शेपटीच्या जिवावर होतं."

थोरली म्हणजे तरी किती थोरली? दोघी बहिणी एकाच घरट्यातल्या, एकाच सकाळी अंड्यातून बाहेर पडलेल्या. ही जराशी आधी पडली, आणि तेवढं जरासं तिने जन्मभर पुरवून वापरलं. आई गेल्यावर आईचा उबेचा दगड तिने सरळ आपल्या दारात आणून ठेवला. धाकटीने विचारलं तर म्हणे, "मला गारठ्यात छपरावर चढायचं असतं, तुला नाही." तेव्हापासून दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. थोरलीसमोर धाकटीचा विषय काढायची कुणाची छाती नव्हती, नवऱ्याचीसुद्धा.

कात टाकायचे दिवस आले की खवलेवाले काम बंद ठेवतात. डोळ्यांवर साय धरते, जिभेला वास लागत नाही, जो तो ओली गोणपाटं पांघरून घरात पडून राहतो. थोरली म्हणाली, एवढं एक छप्पर उरकते आणि मग पडते. नको तो शहाणपणा! दिवसभर अंगाला वारा लागला. कात ओठांपासून कंबरेपर्यंत मोजा उलटा काढावा तशी सुटली आणि तिथेच अडली. पाठीवर वाळून चिकटली, शेपटीच्या मुळाशी तिचं कडं आवळलं. हे कडं वेळेत निघालं नाही तर शेपूट सुकतं आणि गळून पडतं. मग कसलं छप्पर आणि कसलं काय.

"मी बघू का?" नवऱ्याने विचारलं. तो शिंपी, हाताचा हलका.

"तुम्ही? आणि मी चारचौघांत तोंड कुठे लपवू?"

पाठीवर कात अडली तर ती सोलायची एका घरट्यातल्यानेच. पिल्लं पहिली कात एकमेकांची सोलतात, आणि कुठे नख लावायचं, कुठे नाही, हे त्या बोटांना तेव्हापासून ठाऊक असतं. थोरलीच्या घरट्यातल्या दोघीच जगल्या होत्या. दुसरा नियम त्याहून अवघड. सोलणाऱ्याने वाटेल ते बोलावं, सोलून घेणाऱ्याने हूं की चूं करायचं नाही. राग आला की खवले ताठ होतात, आणि वाळल्या कातीबरोबर खालचं कोवळं कातडंही फाटतं.

"बोलवा तिला," थोरली शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

धाकटी आली ती थोरलीला दिसली नाही, डोळ्यांवर साय होती. नुसता ओळखीचा आवाज आला, "पालथी हो." मग गरम पाण्याचं फडकं पाठीवर पडलं.

"वाऱ्यात छपरावर गेलीस ना? जाणारच. तुझ्यावाचून गावाची छपरं उडून जातील."

थोरलीच्या ओठांवर उत्तर तयार होतं. तिने ते गिळलं.

"आईला शेवटी कोण भरवत होतं? मी. आणि दगड कुणाच्या दारात? दगडाचं मरो. तू विचारलं नाहीस गं. नुसतं विचारलं असतंस तर मीच उचलायला हात लावला असता."

थोरलीच्या मानेवरचे खवले उभे राहिले. "खाली," धाकटी म्हणाली आणि मानेवर तळहात ठेवून थांबली. थोरलीने श्वास सोडला. खवले हळूहळू बसले. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, आणि त्यातलं खोटं काय हे शोधूनही तिला सापडेना.

शेपटीच्या मुळाशी आल्यावर धाकटीने बोलणं थांबवलं. भिजव, थांब, नखाने कड उचल, पुन्हा भिजव. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत होता. मग कडं तुटलं, आणि बधिर शेपटीत रक्त असं धावलं की थोरलीने गोणपाट दातात धरलं.

डोळ्यांची साय सगळ्यात शेवटी, ओल्या बोटाने उचलतात. ती निघाली, उजेड लख्ख झाला, आणि फडकं पिळायला पाठमोरी झालेली बहीण थोरलीला दिसली. तिला शेपूट नव्हतं. मुळाशी वीतभर थोटूक होतं, तेही वाकडं.

"कधी?"

"आई गेल्यानंतरच्या पहिल्या कातीला. तुला निरोप धाडला होता."

निरोप आला होता. दगड मिळवायचं निमित्त असेल म्हणून थोरलीने निरोप्याला दारातूनच परतवून लावलं होतं. तिने दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"उबवणघरात आता अंडी उचलू देत नाहीत मला," धाकटी फडकं वाळत घालत म्हणाली. "वळताना तोल जातो. दारावर बसवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय धुवायला."

थोरलीला लाज वाटली, इतकी की नवं कातडं जळजळलं.  मग धाकटीच्या मानेवर तिची नजर गेली. तिथले खवले फिकट, निस्तेज झाले होते.

"तुझीही जवळ आलीय," ती म्हणाली. "मी येते सोलायला. बोलावलं नाहीस तरी येणार. आणि ऐक, तेव्हा माझं जे चुकलं ना..."

"आत्ता नको," धाकटीने तिला थांबवलं. "माझी पाठ सोलताना बोल. आत्ता बोललीस तर मी 'असू दे' म्हणेन. तेव्हा मला ते म्हणता येणार नाही."