तीनाला काय

हॉस्पिटलच्या खिडकीत ठेवलेली चपटी लोकरी टोपी.

केंटमध्ये तीनाला मुलगी. लँकेशायरमध्ये तीनाला मयत.

निवलेला चहा, त्यात बुडून विरलेलं बिस्किट.

एकटा मॅगपाय पक्षी दिसला तर टोपी उचलायची आणि त्याला अदबीनं विचारायचं, बायको बरी आहे ना?

"संध्याकाळपर्यंत काय ते सांगा," म्हणून गेलेली नर्स.

मेविस खुर्चीतून उठली. बसली. परत उठली.

"आई, एका जागी बस ना," जॅनिस म्हणाली.

"बसून काय होणार आहे?"

पलंगावर क्लिफर्ड, मेविसचा नवरा. डोक्यात रक्ताची गाठ अडकली त्या दिवसापासून त्याच्यापाशी एकच शब्द उरला होता. चहा हवा? बरंबरं. दुखतंय? बरंबरं. ही कोण, तुझी मुलगी ना? बरंबरं. मेविसला तो घरी हवा होता. जॅनिसचं म्हणणं, बाबांना आता माणूसच ओळखू येत नाही, मग आईनं या वयात कंबर मोडून घ्यायची ती कुणासाठी? वृद्धाश्रमात खोली मिळत होती.

बोलण्याचे व्यायाम घेणारी प्रूडन्स आली. "लहानपणीचं एखादं गाणं म्हणून बघा," ती म्हणाली. "बोलणं गेलं तरी ते कधीकधी राहतं. पण आलं म्हणजे त्यांनी तुम्हाला ओळखलं असं धरू नका. ते आपसूक येतं, उचकीसारखं."

मेविसला गाणं शोधावं लागलं नाही. मॅगपाय मोजायचं गाणं. काळेपांढरे, लांब शेपटीचे पक्षी. किती दिसले त्यावर पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते ठरतं. एकाला दुःख, दोनाला सुख, इथवर नवराबायकोचं जमायचं. तीनावर संसारभर भांडण, ती केंटची, तो लँकेशायरचा. बागेत, चर्चच्या फाटकात, एकदा तर चुलत्याला पुरायला नेताना.

"जॅनिसच्या वेळी मी कळा देत होते, खिडकीत तू होतास," मेविस म्हणायची. "तीन आहेत म्हणून तूच सांगितलंस. झाली ना मुलगी? कोण मेलं?"

"मरेल. घाई काय आहे?" क्लिफर्ड म्हणायचा.

तिनं त्याचा हात हातात घेतला. "एकाला."

"दुःख," क्लिफर्ड म्हणाला. अगदी स्वच्छ.

जॅनिसनं मान वर केली.

"दोनाला."

"सुख."

मेविसनं त्याचा हात सोडला. आता मयत येणार. आलं की ती नुसती उचकी, ओळख नव्हे. ती खिडकीशी गेली, त्याची टोपी उचलली, ठेवली.

"विचार ना पुढचं," जॅनिस म्हणाली. "सुरू केलंस तर."

"नको."

"आई."

मेविस काचेकडे बघतच म्हणाली, "तीनाला."

काहीच आलं नाही. तिनं वळून पाहिलं. क्लिफर्डचे ओठ उघडत होते, मिटत होते. कपाळावर घाम. तोंडाशी आलेलं काहीतरी तो मागे लोटत होता. मग त्याची नजर मेविसवरून सरकत खुर्चीत बसलेल्या जॅनिसवर आली आणि थांबली.

"मुलगी," तो म्हणाला.

प्रूडन्सनं विचारलं, "यांच्याकडे असंच म्हणतात का?"

"नाही," मेविस म्हणाली. तिचा आवाज चढला. "जन्मात म्हणाला नाही. आणि आता हार मानतोस होय रे म्हाताऱ्या? आता, मी भांडायला तयार असताना?"

"बरंबरं," क्लिफर्ड म्हणाला.

जॅनिस उठली. तिनं टोपी घेतली, झटकली आणि आपल्या पिशवीत घातली.

"घरातली खालची खोली रिकामी करावी लागेल," ती म्हणाली. "तू काही उचलायचं नाहीस. मी येईन."

जॅनिस जन्मली त्या सकाळी क्लिफर्डला खिडकीतून समोरच्या छपरावर दिसलेला मॅगपाय एकच होता.